एमआरआय नॉर्मल, तरी कंबर दुखतेच

‘रिपोर्ट नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका.’ एवढं ऐकून कंबरदुखीचा रुग्ण घरी येतो, आणि तिथे त्याला ‘नाटकं’ हा शेरा मिळतो.

वास्तविक १९६५ मध्येच मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी मांडलं होतं, की वेदनेचे संदेश मज्जारज्जूत अडवले जातात किंवा पुढे सोडले जातात. मेंदूकडून येणारे संकेतही त्यात ढवळाढवळ करतात. भीती, चिंता, अपुरी झोप यांनी दुखणं वाढतं. दुखण्याने नैराश्य येतं, नैराश्याने दुखणं चिघळतं. ड्युलॉक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध मधुमेहींच्या मज्जातंतूंच्या वेदनेवरही दिलं जातं, ते उगाच नव्हे.

तीन महिन्यांहून जुनं दुखणं असेल, तर ‘झोप लागते का? मन कशात रमतं का?’ हे डॉक्टरांनी विचारायलाच हवं. मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी फिजिओथेरपीच्या चिठ्ठीसोबतच द्यावी. सगळे उपाय थकल्यावर नव्हे.