साडेचार वर्षे वाया गेली का?

एका भगिनीने विचारले आहे : मुलगी ऑक्युपेशनल थेरपीची साडेचार वर्षांची पदवी घेऊन जर्मनीला गेली, आज तिथे मदतनीस म्हणून राबते. शिक्षण वाया गेले का?

नाही. तिथे या पेशाला ‘एर्गोथेरपी’ म्हणतात. तिथला अभ्यासक्रम तीनच वर्षांचा, तरी आपली पदवी आपोआप चालत नाही. त्या-त्या राज्याचे कार्यालय विषय नि तास ताडून पाहते. कमी भरले तर परीक्षा किंवा पूरक प्रशिक्षण. जर्मन साधारण बी-२ पातळीची हवी. खरा कस तिथेच : लकव्यानंतर शर्टाची बटणे लावायला नव्याने शिकणाऱ्या आजोबांना धीर त्यांच्याच भाषेत द्यावा लागतो.

तेव्हा फोनवर “परत ये” म्हणू नका. कॉलेजात जाऊन विषयवार तासांचा तपशील सही-शिक्क्यानिशी मागा आणि तिला पाठवा.