कौटुंबिक आरोग्य : बंदुकीचा बार आणि घरांतील कान

एका अंगास नीरा, दुसऱ्या अंगास भीमा, मधून वाहणारी कऱ्हा. कालव्याखालीं ऊस आणि उरलेल्या भागांत कुसळाचा कोरडा माळ, असें बारामती व इंदापूर तालुक्यांचें रूप आहे. त्या माळावर एके काळीं बंदूक घेऊन हिंडणें ही हौस समजली जात असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें ती हौस मोडली. सुप्यानजीक १९९७ सालीं मयूरेश्वर अभयारण्य झालें. इंदापुराकडे कडबनवाडीच्या गवताळ रानांतहि चिंकारा हरिणें दिसतात, आणि तीं पाहावयास आतां मंडळी दुर्बिणी घेऊन येतात. शिकार हा शब्द आठवणीपुरता उरला आहे. निदान कायद्याची तशी इच्छा आहे.

परंतु बंदूक आपल्या आयुष्यांतून गेली असें मात्र नाहीं. ती सुशिक्षित घरांत नव्या वाटेनें शिरली आहे. १९४८ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय छात्रसेनेंत मुलगा जातो आणि पॉइंट टू-टू रायफलीवर नेम धरावयास शिकतो. पुतणी पुण्यास शिकावयास राहते व बालेवाडीच्या क्रीडासंकुलांत नेमबाजी पाहून येते. कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनीं १ ऑगस्ट २०२४ रोजीं ऑलिंपिकमध्यें ५० मीटर रायफलीच्या त्रिस्थिती प्रकारांत कांस्यपदक मिळविलें, तें पाहून “मलाहि रायफल शिकावयाची” असें म्हणणारें मूल एखाद्या घरांत निघालें तर नवल नाहीं. शिवाय कोठें मळ्यावर परवान्याची जुनी दुनळी असतेच.

अशा वेळीं वडीलधारी मंडळी खर्च किती तें विचारतात, बंदूक भरलेली नाहीं ना हें विचारतात, डोळ्यांवर चष्मा लावतात कीं नाहीं हेंहि विचारतात. कानांची चौकशी मात्र कोणी करीत नाहीं. याचें कारण उघड आहे. कानाची ही इजा दिसत नाहीं. बहुधा रक्त येत नाहीं, दुखणेंहि राहत नाहीं. बार झाल्यावर कांहीं वेळ कानांत ‘सुंई’ असा नाद होतो, सकाळपर्यंत तो थांबतो, आणि सर्व ठीक झालें असें मनुष्य समजतो. वस्तुस्थिति अशी कीं अंतःकर्णांत शंखासारखी वळलेली एक नळी आहे व तींत ध्वनि टिपणाऱ्या अतिसूक्ष्म केशपेशी आहेत. जन्मतः प्रत्येक कानास मिळणारा हा सांठा सुमारें पंधरा हजारांचा. त्यांतील ज्या मेल्या त्या पुन्हां उगवत नाहींत.

प्रथम मरतात त्या उंच पट्टीच्या, चार हजार हर्ट्‌झच्या आसपासचा ध्वनि टिपणाऱ्या. त्यामुळें मनुष्य बहिरा झाला असें कोणासच वाटत नाहीं. हाक त्याला ऐकूं येते, ढोल ऐकूं येतो. परंतु स, श, त, क हीं व्यंजनें पुसट होतात आणि “ऐकूं येतें, पण काय म्हणतां तें कळत नाहीं” अशी अवस्था येते. एकत्र कुटुंबांत तर हें फार जाचक. पंगतींत दहा जण एकदम बोलत असतां अशा माणसाला एकहि वाक्य धड लागत नाहीं. तो हळूहळू बोलणें सोडतो, आणि घरचे म्हणतात, काका अलीकडे तुसडे झाले आहेत!

आवाजाचें माप डेसिबलमध्यें करतात. साधें संभाषण साठाच्या आसपास असतें. मात्र हा पाढा सरळ चालत नाहीं. दर दहा डेसिबलांना ध्वनीची शक्ति दसपट होते. एकाएकीं होणाऱ्या आवाजाची कमाल मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढांसाठीं १४० व मुलांसाठीं १२० धरली आहे. पॉइंट टू-टू रायफलीचा बारच १४० च्या घरांत जातो. बारा बोअरची दुनळी व जड रायफली १५० ते १६५ पर्यंत पोंचतात. १६० चा बार १४० च्या बाराहून शंभरपट शक्तीचा. तेव्हां “एकदांच तर उडवायची आहे” या म्हणण्याला अर्थ राहत नाहीं. (जातां जातां एक सांगतों : आपल्याकडील नियम फटाक्याला, चार मीटर अंतरावर, १४५ पर्यंत मुभा देतो. दिवाळींत नातवंडांना किती दूर उभें करावें हें यावरून ज्यानें त्यानें ठरवावें.)

नेम धरणाऱ्यापेक्षां जवळ उभा असलेलाच कित्येकदां अधिक सांपडतो. जिम कॉर्बेट याच्या डाव्या कानापाशीं १९२९ सालीं दुसऱ्याच्या हातची जड रायफल उडाली व कानाचा पडदा दुखावला. त्यानंतर तो तल्ला देशच्या नरभक्षकांच्या मागावर गेला, तेव्हां कानांतील गळूं ठणकत होतें. ती हकीकत त्यानें ‘द टेंपल टायगर’ या १९५४ च्या पुस्तकांत स्वतःच सांगितली आहे. स्वतः नेम धरणाऱ्यांतहि उजव्या खांद्यास दस्ता लावणाऱ्याचा डावा कान जास्त बिघडतो. मान वळल्यामुळें तो नळीच्या तोंडाकडे येतो व उजव्याला डोक्याची आड मिळते.

आतां साधनांकडे वळूं. कापसाचा बोळा हें साधन नव्हे. अत्तराचा फाया ठेवण्यास तो उत्तम. बार तो अडवीत नाहीं. इअरप्लग म्हणून मिळणारे स्पंजाचे बोळे थोड्या पैशांत मिळतात व नीट बसले तर महागड्या साधनांच्या तोडीचें काम देतात. सारें मर्म या ‘नीट’ शब्दांत आहे. बोळा बोटांत वळून अगदीं बारीक करावा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर व मागें ओढावी, म्हणजे कानाचा वळणदार मार्ग सरळ होतो. मग बोळा आंत सारून तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानें धरून ठेवावा. आपलाच आवाज भरीव, मडक्यांतून आल्यासारखा वाटला तर तो बसला. अर्धा बाहेर लोंबत असेल तर तो कानांत नाहीं, केवळ कानापाशीं आहे.

इअरमफ म्हणजे कानांवर बसणाऱ्या गादीदार वाट्या. त्या घालण्यास सोप्या व शिकविणाऱ्याला दुरूनहि दिसतात, म्हणून नवशिक्याला बऱ्या. परंतु गादीखालीं फट राहतां कामा नये. चष्म्याच्या जाड दांड्या, कानावरून घेतलेला रुमाल, बुगडी, आणि हल्लीं पुन्हां हौसेनें घातली जाणारी भिकबाळी, या साऱ्यांनीं फट पडते. रायफल गालाशीं धरतांना दस्ता वाटीला लागून ती उचलली जाते; म्हणून रायफलीस बोळे किंवा चपट्या वाट्या, पिस्तुलास मोठ्या वाट्या चालतात. दुनळी असेल, किंवा वर पत्र्याचें छप्पर असेल, तर आमच्या मतें दोन्हीं एकदम घालावीं.

खोक्यावरील आंकड्यास फार भुलूं नये. एन. आर. आर. ३३ असें छापलेलें असलें तरी तें प्रयोगशाळेंतील माप होय. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेचा जुना हिशेब असा कीं स्पंजाच्या बोळ्याचा आंकडा निम्मा धरावा व वाट्यांचा पाऊण. दोन्हीं घातलीं तर बेरीज करूं नये. मोठ्या आंकड्यांत पांचाचीच भर पडते. युरोपांतील मालावर एस. एन. आर. असतो, ते माप निराळें, त्याची याच्याशीं तुलना नको.

विजेऱ्यांवर चालणाऱ्या वाट्या बोलणें आंत सोडतात व बार अडवितात. मळ्यावर, जेथें शेजाऱ्याची हाक ऐकूं येणें सुरक्षिततेचें असतें, तेथें त्यांचा खर्च सार्थ आहे. परंतु स्पर्धेची आकांक्षा असलेल्या मुलीला त्या घेऊन देऊं नयेत. आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघाच्या नियमांनुसार ध्वनिग्राहक यंत्र असलेलें कर्णसाधन खेळाडूला चालत नाहीं.

एवढें करूनहि बारानंतर दुसऱ्या दिवशींपर्यंत नाद राहिला किंवा कान बंद झाल्यासारखा वाटला, तर आजीबाईंचें कोमट तेल कानांत सोडूं नये. पडदा फाटलेला असल्यास तेल आंत जाऊन अपाय करतें. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांस लगेच दाखवावें. कांहीं औषधें पहिल्या थोड्या दिवसांतच उपयोगी पडतात. बारामतीस २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथें प्रथम जातां येईल. मुलाला रायफल हातांत देण्यापूर्वींच एकदां श्रवणपरीक्षा करून तो कागद घरांत जपून ठेवला, तर पुढें तुलनेस आधार मिळतो.

वाट्यांच्या गाद्या आपल्याकडील उन्हाळ्यांत कडक होऊन तडकतात. तडकल्या कीं बदलाव्या. स्पंजाचे बोळे मळले कीं टाकून द्यावे, धुऊन पुन्हां वापरूं नयेत. साधनें बंदुकीच्या पिशवींतच असावीं, आणि दोन जोड जादा ठेवावे : एक सोबत आलेल्या पाहुण्यासाठीं, एक बांधावर उभ्या राहून पाहणाऱ्या पोरांपैकीं ज्याला घरीं पाठवितां येत नाहीं त्याच्यासाठीं.