फुगडीत धाप लागते तेव्हा

मराठी माणूस सुरतेस दोनदा गेला तो लुटीसाठी, 1664 साली आणि 1670 साली. तिसऱ्या खेपेस गेला तो पोटासाठी. लिंबायत, उधना या भागांत धुळे, जळगाव, नंदुरबारकडची हजारो कुटुंबे आज यंत्रमागांवर आणि साड्यांच्या कामावर जगत आहेत. त्यांची कित्येक मुले महानगरपालिकेच्या मराठी शाळांत शिकतात, आणि घरी आल्यावर आईशेजारी बसून साड्यांचे सुटे धागे कापतात, टिकल्या चिकटवतात. बालकामगारांविषयीचा 1986 चा कायदा 2016 साली सुधारला, तेव्हा चौदा वर्षांखालील मुलांना कामास लावण्याची सरसकट बंदी झाली. परंतु शाळा सुटल्यावर घरच्या उद्योगास हातभार लावण्याची मुभा त्याच कायद्याच्या पोटात राहिली. गठ्ठा व्यापाऱ्याचा, दर व्यापाऱ्याचा, घर तेवढे मजुराचे. एवढ्याने उद्योग घरचा होतो काय?

या नऊ ते बारा वर्षांच्या मुलांना नृत्य व आरोग्यशिक्षण एकत्र द्यावे, असे आम्ही एका सभेत सुचविले. एक सभ्य गृहस्थ उठून म्हणाले, "जेथे पोटाला नाही तेथे नाच कसला?" टाळ्या पडल्या. हेच गृहस्थ नवरात्रात पास काढून गरब्यास जातात. त्यांच्या कन्येने घेतली तर ती संस्कृती, मजुराच्या पोरीने घेतली की तीच गिरकी चैन!

आता पोटाचेच बोलू. शाळांतून दर आठवड्यास लोहाची गोळी वाटण्याची सरकारी योजना आहे. दहा वर्षांपुढील मुलांना निळी, त्याहून लहानांना गुलाबी. गोळीने कधी मळमळते, शौचास काळे होते. हे आधी कोणी सांगितलेले नसले की पोर घाबरते आणि गोळी गटारात जाते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गुजरातेतील 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 69 टक्के रक्तक्षयी आढळल्या. हा क्षय काही पंधराव्या वाढदिवशी सुरू होत नाही.

त्याच पोरीस फुगडी घालू द्या. चारसहा फेऱ्यांत जिला धाप लागते, जी भिंतीला टेकते, ती व्याख्यानाच्या बाकावर कोणालाही दिसली नसती. धाप म्हणजे निदान नव्हे, रक्त तपासावेच लागेल, पण "बाई, मलाच का दम लागतो?" हा प्रश्न आता तिचा स्वतःचा झाला, आणि गोळीची गोष्ट ऐकण्याची तिची तयारीही झाली. शिवाय फुगडी म्हणजे हातात हात. हात कोणी धरावा, किती घट्ट, आणि नको वाटताच 'सोड' कसे म्हणावे, हे भिंतीवरच्या तक्त्यापेक्षा तेथे सहज शिकवता येते. मुलांस लेझीम आहेच. गोव्याच्या वाचकांस हे काय सांगावे! धालोच्या मांडावर बायका जमतात त्या काय केवळ पाय हलवायला? श्रावणात कानबाई बसली की खानदेशी बायकाही फुगड्या घालतात. सुरतेस नवे काही आणावयाचे नाही.

2007 साली लैंगिक शिक्षणाच्या नुसत्या नावाने महाराष्ट्रासह कित्येक राज्यांत गहजब झाला. 2020 साली शाळांतून आरोग्यदूत शिक्षकांची योजना आली, ती चांगलीच आहे. पण तिचा भर सहावीपासून पुढच्या वर्गांवर. पाचवीतच जिला पाळी आली, तिने काय करावे?

खरा आक्षेप त्या गृहस्थांचा नाही, आईचा आहे. पोर तासभर नाचली तर तेवढे धागे कोण कापणार? याला आमच्यापाशी टाळ्या घेणारे उत्तर नाही. म्हणूनच हा तास शाळा सुटल्यावर, एखाद्या दात्याच्या सवडीने, नको. शाळा सुटल्यानंतरची वेळ कायद्याने गठ्ठ्याला मोकळी ठेवली आहे. शाळेची वेळ तेवढी मुलाची आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात क्रीडांगण सक्तीचे आहे. आठवड्यातून दोन तास, वेळापत्रकात, चौथीपासून, एका तयार शिक्षिकेच्या हाती, एवढे महानगरपालिकेने पुढील सत्रापासून द्यावे.