तीन मिनिटांत सांगाल का, राव?

मेसचे मामा एकदा भाजी वाढता वाढता म्हणाले, "सर, चार वर्षं इंजिनिअरिंग झालं, आता परत दोन वर्षं काय शिकताय?" मागे दहा जण ताट घेऊन उभे. मी रुबाबात म्हणालो, "स्टॅबिलायझेशन ऑफ एक्स्पान्सिव्ह सॉइल्स!" मामा "बरं बरं" म्हणाले आणि अजून एक पळी भाजी वाढली. ती पळी दयेची होती, हे रूमवर गेल्यावर कळलं!

मित्रांनो, हसू नका. पीजी विंगमधल्या निम्म्या लोकांची हीच गत आहे. शेजारच्या रूममधला पीएच.डी.वाला रात्री दोनला लॅबमधून येतो, एवढंच आपल्याला ठाऊक. तो तिथे करतो काय, हे ना आपण विचारतो, ना तो सांगतो. घरच्यांना तर आपण "प्रोजेक्ट चालू आहे" या तीन शब्दांत गुंडाळतो.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने यावर एक झकास तोडगा काढला. तिथे दुष्काळ पडला होता आणि पाणी वाचवायला लोक तीन मिनिटांचा टायमर लावून अंघोळ उरकत. (आपल्या हॉस्टेलला हे मे महिन्यात टायमरशिवायच जमतं!) त्यावरून तिथल्या एका प्राध्यापकांना सुचलं, की संशोधनही तीन मिनिटांत सांगता यायला हवं. २००८ साली 'थ्री मिनिट थीसिस' ही स्पर्धा तिथे सुरू झाली आणि आज ती जगभरातल्या शेकडो विद्यापीठांत होते. नियम अगदी कडक. स्लाइड एकच, तीही न हलणारी. व्हिडिओ नाही, आवाज नाही, हातात वस्तू नाही. गाणं किंवा कविताही चालत नाही. तीन मिनिटांच्या वर एक सेकंद गेला, की बाद! ऐंशी हजार शब्दांचा प्रबंध वाचून दाखवायला नऊ तास लागतील, असा त्यांचा हिशोब आहे. ते सगळं तीन मिनिटांत, आणि तेही त्या विषयातलं काही माहीत नसलेल्या माणसाला कळेल असं सांगायचं.

आमच्यातले काही विद्वान लगेच म्हणतील, "असं केलं की संशोधनाचा पोरखेळ होतो. समीकरणं कुठे गेली? ग्राफ कुठे गेले?" अहो, ते प्रबंधात आहेतच की! व्हायवाला एक्स्टर्नल ते विचारणारच आहेत. इथे फक्त एवढंच सांगायचंय, की प्रश्न काय आहे, तो कुणाचा आहे आणि तुम्ही त्यात काय केलंत. हे सांगता येत नसेल, तर दोष वेळेचा नाही. आपल्यालाच ते नीट कळलेलं नाही. हो, एक धोका मात्र खरा आहे. टाळ्यांसाठी "माझ्या शोधाने जग बदलेल" असं ठोकून द्यायचा मोह होतो. तो टाळायलाच हवा.

"पण मराठीत कसं जमणार?" ही दुसरी पळवाट. डॉ. जयंत नारळीकर केंब्रिजला शिकले, खगोलशास्त्रात जगभर नाव कमावलं आणि तरी २०२५ साली जाईपर्यंत मराठीत लिहीत-बोलत राहिले. कृष्णविवर मराठीत मावतं, मग आपली माती का नाही मावणार?

म्हणून मी परत मामांकडे गेलो. यावेळी मोबाइलवर तीन मिनिटांचा टायमर लावून. "मामा, तुमच्या गावाकडे काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यात पाय जातो की नाही? वरचं घरही तिच्याबरोबर हलतं, म्हणून भिंतीला तडे जातात. रस्ता उखडतो. त्या मातीतल्या बारीक कणांच्या थरांत पाणी शिरतं आणि माती फुगते. थोडा चुना मिसळला तर फुगणं कमी होतं. किती मिसळायचा, ते मी शोधतोय."

मामा हातातली पळी तशीच धरून ऐकत होते. मग म्हणाले, "पण दरसाल पाऊस लागून, परत ऊन खाऊन तो चुना टिकतो का?"

मी गप्प! भिजणं आणि वाळणं यांची आवर्तनं देऊन टिकाऊपणा तपासणं माझ्या कामात नव्हतंच. ते आता आहे. गाईडनीही होकार दिलाय.

म्हणजे लोकांना सांगणं हे उपकार नव्हेत. त्यात आपलाच फायदा आहे. तेव्हा माझी साधी सूचना: यंदाच्या गॅदरिंगमध्ये एक संध्याकाळ याला द्या. एम.टेक. आणि पीएच.डी.वाल्यांनी एकेक स्लाइड घेऊन यावं आणि मराठीत, तीन मिनिटांत बोलावं. परीक्षक म्हणून मेसचे मामा, लायब्ररीतल्या मॅडम, लॅबचे असिस्टंट आणि फर्स्ट इयरचा एखादा पोरगा बसवा. एचओडींनी मागच्या रांगेत बसून नुसतं ऐकावं!

पहिलं नाव माझं लिहा. टायमर मामांच्या हातात असेल.

— एम.टेक. (सिव्हिल), द्वितीय वर्ष