पदरावरचा मोर आणि मागावरचा माणूस

लग्नसमारंभ असो की शासकीय सोहळा, पैठणी नेसली की मराठी संस्कृतीचे ऋण फिटले, असा सोयीस्कर समज सुखवस्तू समाजात रूढ झाला आहे. वस्त्र ही समाजाची ओळख असते, हे निर्विवाद. प्रश्न एवढाच, की ही ओळख वस्त्राच्या रंगरूपात असते, की ते निर्माण करणाऱ्या श्रमात?

पैठणीला 1999च्या कायद्यान्वये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नाव राखले. मजुरी राखली नाही. पदरावरचा मोर धाग्याधाग्याने हाताने भरावा लागतो; एका साडीला कित्येक आठवडे, प्रसंगी महिने लागतात. रेशीम व्यापाऱ्याचे, जर व्यापाऱ्याची, भावही व्यापाऱ्याचाच. विणकराचे बहुधा फक्त हात. 2019-20च्या हातमाग गणनेनुसार देशातील सुमारे दोन-तृतीयांश विणकर कुटुंबांचे मासिक उत्पन्न पाच हजार रुपयांहून कमी होते. या व्यवसायात बहुसंख्या स्त्रियांची आहे. ज्यांच्या हातून महावस्त्र उतरते, त्यांना ते कधी नेसता येत नाही, यात नवल ते काय?

शासनाचे वर्तनही याच वळणाचे आहे. 1985च्या कायद्याने 22 वस्त्रप्रकार हातमागासाठी राखून ठेवले. पुढे ते 11वर आले. 1905च्या स्वदेशी चळवळीच्या स्मरणार्थ 2015पासून 7 ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन झाला. मात्र 2020 साली त्या दिवसाच्या जेमतेम पंधरवडाभर आधी अखिल भारतीय हातमाग मंडळच विसर्जित करण्यात आले. दिन उरला, मंडळ गेले!

ग्राहकाला स्वस्त कापड हवे, त्याला कोण अडवणार, असा युक्तिवाद केला जातो. स्वस्त कापडाला कोणाचाच विरोध नाही. इचलकरंजी-मालेगावचा यंत्रमाग कामगारही शोषितच आहे. तो विणकराचा शत्रू नव्हे. आक्षेप आहे तो यंत्रावरची नक्कल हातमागाच्या नावाने विकण्याला. ही स्पर्धा नव्हे, फसवणूक होय.

अस्मितेचा अभिमान खरा असेल, तर त्याची कसोटी सोपी आहे: विणकरास किमान मजुरीची हमी, सहकारी संस्थांमार्फत रास्त भावाने रेशीम व जर, प्रत्येक साडीवर मागाचा प्रामाणिक उल्लेख आणि धोरण ठरविणाऱ्या मंडळावर विणकरांचे प्रतिनिधी. एवढे करण्याची तयारी नसेल, तर निदान संस्कृतीचे नाव तरी घेऊ नये. मागावरचा माणूस उपाशी ठेवून पदरावरचा मोर फार काळ नाचणार नाही.