शून्य चूक

मागच्या उन्हाळ्यात गावाकडून चुलतभावाचा फोन आला. "तू ते कॉम्प्युटरवर नकाशे करतोस ना? आपलं खालचं शेत जरा बघून दे. तात्यांनी बांध कोरलाय असं वाटतंय मला."

नकाशे हा माझा धंदा नाही, हौस आहे. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, उपग्रहचित्रं घरबसल्या दिसतात, आणि २०२१ साली केंद्र सरकारनं नकाशांवरचे निर्बंध बरेच सैल केल्यापासून माझ्यासारखे हौशी लोक वाढलेत. म्हटलं, अर्ध्या तासाचं काम! दादानं गावनकाशा स्कॅन करून पाठवला आणि मी बसलो.

आपले जुने गावनकाशे साखळीनं मोजून काढलेले. साखळी ३३ फुटांची. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जमीन म्हणजे गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर. माझ्यासमोरच्या नकाशावर गटांच्या हद्दी होत्या, पण अक्षांश-रेखांश नव्हते. म्हणजे हा कागद पृथ्वीवर नेमका कुठे ठेवायचा, हे सॉफ्टवेअरला आपणच सांगायचं. नकाशावरचं हे देऊळ म्हणजे उपग्रहचित्रातलं ते देऊळ, अशा जोड्या लावत जायचं. या जोड्यांना कंट्रोल पॉइंट म्हणतात आणि या सगळ्या उद्योगाला जिओरेफरन्सिंग. भिंतीवर कागद टाचण्यांनी ठोकावा तसंच.

मी तीन टाचण्या मारल्या. देऊळ, गावविहीर आणि ओढ्यापाशी रस्ता वळतो तो कोपरा. सॉफ्टवेअरनं सरासरी चूक दाखवली ०.०००. मी खूष! नकाशा चित्रावर बसवला, तर हद्दीची रेघ बांधापलीकडे, तात्यांच्या उसात चार-पाच मीटर आत. प्रिंट काढून पाठवून दिली.

त्या प्रिंटनं काय केलं ते दिवाळीत गावी गेल्यावर कळलं. दादा आणि तात्या एकमेकांशी बोलत नव्हते. दोघांची विहीर सामाईक, त्यामुळे पाण्याच्या पाळ्यांवरूनही रोजची भांडणं. मी शेतावर गेलो. बांधाच्या टोकाला हद्दीचा जुना दगड होता, अर्धा मातीत गाडलेला, पण जागच्या जागी. बांध बरोबर त्याच्यावरूनच जात होता.

परत येऊन नकाशा पुन्हा उघडला. माझे तिन्ही बिंदू गावठाणाच्या आसपासचे, आणि शेत तिथून दीड किलोमीटरवर. कागदाचा एक कोपरा ठोकला आणि दुसरा वाऱ्यावर सोडला, असा प्रकार. मग ती शून्य चूक कुठून आली? साधं रूपांतर कागद सरकवतं, फिरवतं, ताणतं, तिरकं करतं. त्यासाठी सहा आकडे लागतात. तीन बिंदूंचे दोन-दोन आकडे म्हणजे सहाच. हिशेब जुळणारच! मी देवळाच्या जागी विहीर दाखवली असती तरी चूक शून्यच आली असती.

मग गावाच्या चारी शिवांकडचे आठ-नऊ कोपरे घेतले. चूक आली सहा मीटर. आकडा वाढला आणि नकाशा सुधारला. रेघ बांधाजवळ आली.

असा आकडा खाली आणायची युक्तीही आहे. वरच्या पायरीचं रूपांतर निवडायचं. दुसऱ्या पायरीला निदान सहा बिंदू लागतात, तिसरीला दहा. नेमके तेवढेच दिले की पुन्हा शून्य! मधला कागद मात्र भाजलेल्या पापडासारखा वेडावाकडा होऊ शकतो. शिवाय ज्यावर हे सगळं ठोकायचं ते उपग्रहचित्रही कुणीतरी असंच बसवलेलं असतं. वेगवेगळ्या तारखांची चित्रं पाहिली तर तेच घर काही मीटर सरकलेलं दिसतं.

माझं म्हणणं एवढंच, की हे नकाशे बुजलेला ओढा शोधायला, झाडं कुठे लावायची ते ठरवायला उत्तम आहेत. बांधाचा निवाडा त्यांच्यावर करू नये. सरकारी मोजणीला पैसे लागतात, वेळ लागतो, हे मान्य. म्हणून तर लोक आपल्याकडे येतात. पण म्हणूनच आपली जबाबदारी वाढते. बिंदू चारी बाजूंना पसरून घ्यावेत, दोन-तीन बिंदू मुद्दाम बाजूला ठेवून त्यांच्यावर नकाशा ताडून पाहावा, आणि प्रिंटवर स्पष्ट लिहावं की ही रेघ इतके मीटर इकडेतिकडे असू शकते. मी हे काहीच केलं नव्हतं. "चूक शून्य" याचा अर्थ "तपासायला काही शिल्लकच ठेवलं नाही" असाही असतो, हे मला तेव्हा उमगलं नाही.

तात्यांना फोन करून माफी मागितली. ते फारसं बोलले नाहीत. पाण्याच्या पाळ्या आता सुरळीत चालू आहेत म्हणे. नवा नकाशा दादालाही पाठवला, पण त्याला काही तो पटलेला नाही. पहिलाच बरोबर होता म्हणतो. त्याच्यात चूक शून्य होती ना!

असो.