तुला कसं कळलं?

ईदच्या दुसऱ्या दिवशी आमच्या तारापूरच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. यंदाही मुंब्र्याहून नणंद आली, तिची मुले आली, बोईसरहून दीर-जाऊ आले. जेवणे आटोपली, मोठी माणसे जरा लवंडली, आणि तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असलेला भाचा हसून म्हणाला, "कमाल आहे मामी! अणुवीज केंद्राच्या दाराशी राहता आणि तुमच्याकडेच अंधार!"

एवढे निमित्त पुरले. माझा मुलगा अकरावी सायन्सला आहे. त्याला आपल्या गावाबद्दल कोणी काही बोललेले खपत नाही. पाहता पाहता दोघांची जुंपली. भाचा म्हणे, "हे केंद्र म्हणजे गावाच्या उशाशी ठेवलेला बॉम्ब आहे. एक दिवस फुटेल. मी चेर्नोबिलचा गेम खेळलोय, काय होतं ते मला माहीत आहे. सगळीकडे सोलर लावा आणि हे बंद करा." मुलगा म्हणे, "काहीही धोका नाही. विरोध करणारे सगळे अडाणी. सोलरने कारखाने चालतात का?" मधेच सासूबाई तसबीह बाजूला ठेवून म्हणाल्या, "हे सगळं त्या मेल्या गेममुळे. सरकारने गेम बंद केले तरी यांचे हात थांबत नाहीत." मग गेम चांगले की वाईट, हा तिसरा वाद सुरू झाला.

मला वाद आवडतो. बावीस वर्षे वर्गात उभी आहे, गप्प बसणाऱ्या वर्गाची मला भीती वाटते. म्हणून मी स्वयंपाकघरातून ऐकत राहिले. ती माझी चूक झाली.

कारण दारात आमचे काका येऊन बसले होते. काका म्हणजे मुलांच्या अब्बांचे जुने स्नेही. जातीने मच्छीमार. दरवर्षी ईदला शिरखुर्मा प्यायला येतात, येताना हातात पापलेटची पिशवी असते. त्यांचे मूळ गाव समुद्रकाठचे. ते गाव प्रकल्पात गेले. मुलाला हे ठाऊक होते, पण वादाच्या भरात भान राहिले नाही. भाच्याने "गावं उठवली त्यांचं काय?" असे विचारताच तो फाडकन म्हणाला, "त्यांना पैसे मिळाले, घरं मिळाली. तरी रडगाणं चालूच. फुकटची सवय लागली आहे लोकांना."

खोलीत एकदम शांतता झाली. काकांनी वाटी खाली ठेवली. "येतो बाई," म्हणाले आणि उठले. शिरखुर्मा अर्धा तसाच राहिला.

त्या रात्री माझा डोळा लागला नाही. मुलगा उद्धट नाही, हे मी जाणते. मग इतके कठोर वाक्य त्याच्या तोंडी आले कुठून? विचार करता लक्षात आले, ते वाक्य त्याचे नव्हतेच. कुठेतरी ऐकलेले, वाचलेले, कोणीतरी तयार करून ठेवलेले वाक्य त्याने उचलले होते. भाच्याचा बॉम्बही तसाच, आणि सासूबाईंची गेमबंदीही तशीच. तिघेही मोठ्या आवाजात बोलत होते, आणि बोललेले कोणीही तपासलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मी सगळ्यांना बसवले आणि एकच प्रश्न प्रत्येकाला विचारला : "तुला कसं कळलं?"

सुरुवात भाच्यापासून केली. अणुभट्टी बॉम्बसारखी फुटते का? निसर्गात मिळणाऱ्या युरेनियममध्ये ज्याचे विखंडन सहज होते ते युरेनियम-२३५ शेकड्याला एकसुद्धा नसते, साधारण ०.७ टक्के असते. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांच्या इंधनात ते वाढवून दोन-तीन टक्क्यांपर्यंत नेलेले असते. बॉम्बला ते ९० टक्क्यांच्या आसपास लागते. म्हणजे भट्टीचा अणुबॉम्ब होत नाही. भाच्याचे वाक्य चूक.

मुलगा लगेच खुलला. म्हटले, थांब, आता तुझी पाळी. "काहीही धोका नाही" हे कसं कळलं? बिर्याणी दमावर असताना खालचा विस्तव ओढून घेतला तरी हंडी आत शिजतच राहते ना? अणुभट्टीचेही तसेच आहे. ती बंद केली तरी इंधनातून उष्णता निघत राहते आणि ते पाण्याने सतत थंड ठेवावे लागते. ११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये फुकुशिमाला हेच घडले. भूकंप होताच चालू भट्ट्या आपोआप बंद झाल्या. पण मागून आलेल्या त्सुनामीने जनरेटर बुडवले, पाणी फिरवणारे पंप थांबले, इंधन वितळले, साठलेल्या हायड्रोजनचे स्फोट झाले आणि लाखाहून जास्त माणसांना घरे सोडावी लागली. त्या भट्ट्या पाणी थेट उकळून वाफ करणाऱ्या प्रकारच्या होत्या. आपल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्याही त्याच प्रकारच्या आहेत. म्हणून "धोका नाहीच" हे वाक्यही चूक. धोका असतो, आणि तो सांभाळण्यासाठीच तिथे एवढी माणसे रात्रंदिवस जागी असतात.

मग भाच्याचा गेम. 'स्टॉकर' नावाचा तो खेळ २००७ साली युक्रेनमधल्याच कंपनीने काढला. त्यात चेर्नोबिलच्या परिसरात विचित्र प्राणी आणि राक्षस फिरतात. मी त्याला विचारले, २६ एप्रिल १९८६ च्या अपघातानंतर त्या केंद्राचे काय झाले? म्हणाला, "सगळं ओसाड झालं." म्हटले, शेजारचे प्रिप्यात शहर रिकामे झाले, हे खरे. पण त्याच केंद्रातल्या उरलेल्या भट्ट्यांतून पुढेही कित्येक वर्षे वीज निघत होती, माणसे तिथे कामाला जात होती. शेवटची भट्टी बंद झाली डिसेंबर २००० मध्ये. भाचा थक्क झाला. गेमने त्याला भीती दाखवली होती, माहिती दिली नव्हती. पण मी हेही कबूल केले, की त्या गेममुळेच त्याला चेर्नोबिल हे नाव माहीत होते. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना तेही ठाऊक नसते.

सोलरचा वाद मी त्यांनाच कागदावर सोडवायला लावला. तारापूरची तिसरी आणि चौथी भट्टी प्रत्येकी ५४० मेगावॉटची. एक भट्टी पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालली तर १ कोटी २९ लाख ६० हजार युनिट वीज देते. छपरावरचे एक किलोवॉटचे पॅनल दिवसाला सरासरी चार युनिट देते असे धरू. तर एका भट्टीइतक्या विजेला ३२ लाख ४० हजार किलोवॉटचे पॅनल लागतील. घरटी तीन किलोवॉट धरले तर जवळजवळ ११ लाख घरांची छपरे! आणि रात्रीसाठी साठवणीची सोय वेगळीच. मुलगा हसू लागला. म्हटले, हसू नकोस, उलटेही मांड. तीन किलोवॉटला दिवसाला १२ युनिट, महिन्याला ३६० युनिट. आपल्यासारख्या घराला ते भरपूर झाले. केंद्राच्या घरगुती सोलर योजनेत त्यासाठी ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. आणि छपरावर पॅनल लावायला कोणाचे गाव उठवावे लागत नाही. दोघांच्या हातात अर्धे-अर्धे खरे होते, आणि प्रत्येक जण आपले अर्धे पूर्ण म्हणून विकत होता.

सासूबाईंनाही मी सोडले नाही, मात्र अदबीने. "अम्मी, गेम बंद झाले हे तुम्हाला कसं कळलं?" सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली होती, ती त्यांच्या लक्षात राहिली. ऑगस्ट २०२५ मध्ये जो नवा कायदा झाला तो पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालतो, सगळ्या खेळांवर नाही. आणि गेमचे व्यसन म्हणजे काय, हे जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या यादीत सांगितले आहे. मूल खेळते म्हणजे आजारी असे नव्हे. खेळावरचा ताबा सुटला, अभ्यास-झोप-माणसे यांपेक्षा खेळ मोठा झाला, नुकसान दिसूनही थांबवता येईना आणि हे बराच काळ चालले, तर तो आजार. सासूबाई म्हणाल्या, "मग आपला तेवढा बिघडलेला नाही." आजीच्या तोंडून हे ऐकून मुलाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता!

आता उरले ते सर्वांत जड वाक्य. मी मुलाला विचारले, "फुकटची सवय लागली, हे तुला कसं कळलं?" तो खाली पाहत राहिला.

मग मी त्याला आपल्याच गावाशेजारचा इतिहास सांगितला. पहिल्या दोन भट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या. देशातले पहिले अणुवीज केंद्र म्हणून पुस्तकात तारापूरचे नाव आले, आणि ते वाचताना आपली मान ताठ होते. तिसरी-चौथी भट्टी २००५ आणि २००६ मध्ये वीज देऊ लागली. त्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. शेती करणारी आणि समुद्रावर जगणारी माणसे दुसरीकडे नेऊन वसवावी लागली. पुनर्वसनाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. परीक्षेच्या पुस्तकात मेगावॉट असतात, ही नावे नसतात.

आणि मग मी एक तारीख काढली : १६ एप्रिल २०२०. लॉकडाऊनचे दिवस. आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावात, चोर आणि मुले पळवणारे फिरत आहेत अशा अफवेतून जमावाने दोन साधूंना आणि त्यांच्या ड्रायव्हरला ठार मारले. तीन जीव गेले. त्याचे दुःख संपले नव्हते तोच दुसरी अफवा उठली, की मारणारे मुसलमान होते. शेवटी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून सांगावे लागले, की त्यात एकही मुसलमान नाही. ते दिवस आमच्या घरात सगळ्यांना आठवतात. मुलांचे अब्बा किराणा आणायला निघाले तरी माझा जीव दारात अडकायचा. तेव्हा आपण मनातल्या मनात सगळ्या जगाला एकच गोष्ट विनवत होतो : बाबांनो, बोलण्याआधी जरा तपासा.

बातमी आली की आधी शहानिशा करा, नाहीतर नकळत एखाद्या समूहाला इजा कराल आणि मागाहून पस्तावाल, ही शिकवण सूरह हुजुरातमध्ये आहे. आपण ती नेहमी आपल्यावर अन्याय झाला की आठवतो. ती आपल्या जिभेलाही लागू आहे, हे त्या सकाळी मला मुलासमोर बोलताना नव्याने उमगले. जी तपासणी आपण आपल्यासाठी इतरांकडे मागतो, ती काकांसाठी आपणही करायला हवी होती.

मुलगा त्याच संध्याकाळी काकांकडे गेला. मी सोबत गेले नाही. माफी ज्याची त्यानेच मागावी. उशिरा परतला. म्हणाला, "अम्मी, काका रागावले नव्हते. मी माफी मागितली तर म्हणाले, घर मिळालं, खोटं कशाला बोलू. पण आधी दारात उभं राहिलं की समुद्र दिसायचा. आता भरती कधी आहे ते दुसऱ्याला विचारावं लागतं." थोडे थांबून तो म्हणाला, "हे मला कुठेच वाचायला मिळालं नसतं."

त्या दिवसापासून आमच्या घरात वादाचे तीन नियम झाले आहेत. तुमच्या घरी उपयोगी पडले तर जरूर घ्या.

पहिला : कोणीही काही ठासून सांगितले की समोरच्याने "तुला कसं कळलं?" विचारायचे, आणि ते चिडून नव्हे, खरोखर जाणून घेण्यासाठी. "सगळे म्हणतात" हे उत्तर चालणार नाही. "माहीत नाही, बघून सांगतो" हे उत्तर चालेल, आणि ते देणाऱ्याला कोणी हसायचे नाही.

दुसरा : उत्तर देण्याआधी समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगायचे. तो "हो, हेच म्हणायचंय मला" म्हणाला तरच पुढे बोलायचे. यात निम्मे वाद तिथेच मिटतात, असा माझा वर्गातला अनुभव आहे.

तिसरा : ज्याच्यावर ती गोष्ट गुदरली आहे असा माणूस खोलीत असेल, तर आधी तो बोलेल. विषय विजेचा असो, गावाचा असो, तलाकचा असो की परधर्मातल्या लग्नाचा. आणि तो खोलीत नसेल, तर दारात बसला आहे असे समजून बोलायचे.

हे नियम मोठ्यांनाही आहेत. परवा जावेने कोणाच्या मुलीबद्दल काही ऐकीव सांगायला सुरुवात केली, तर माझ्या दहा वर्षांच्या मुलीने भाकरी मोडता मोडता विचारले, "चाची, तुम्हाला कसं कळलं?" जाऊ क्षणभर गोंधळली, मग हसली आणि विषय बदलला.

गेल्या शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर काका दारात उभे. हातात पिशवी. आत आले, नेहमीच्या जागी बसले. मुलाने न सांगता पाणी आणले आणि विचारले, "काका, आज भरती किती वाजता आहे?"

काका म्हणाले, "मलाही विचारावं लागेल. चल, दोघं मिळून बघून येऊ."